मतांच्या टक्क्यांतून जागा : माहीमची कसोटी

निवडणूक आली की अमुक पक्षाला इतक्या जागा, असे आकडे झळकू लागतात. मतदारांना विचारून जी मिळते ती मतांची टक्केवारी. तिच्यातून जागा काढायचे सूत्र वेगळे असते, आणि ते प्रेक्षकांना क्वचितच सांगितले जाते. नमुना लहान होता अशी टीका नेहमी होते; माझा आक्षेप या सूत्रावर आहे.

जुने सूत्र घननियमाचे. दोन पक्षांच्या मतांच्या गुणोत्तराचा घन म्हणजे त्यांच्या जागांचे गुणोत्तर. केंडॉल आणि स्टुअर्ट यांनी १९५० मध्ये त्याची चिकित्सा केली. महाराष्ट्राला तो लावून पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. म्हणजे जागा जवळजवळ निम्म्या वाटल्या जायला हव्यात. प्रत्यक्षात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. त्याच वर्षी विधानसभेला गुणोत्तर महायुतीच्या बाजूने सुमारे १.४ झाले. त्याचा घन २.७४. दोघांच्या मिळून २७६ जागांपैकी महायुतीच्या वाट्याला २०२ येतात, मिळाल्या २३०. बहुतेक मतदानोत्तर चाचण्या तर २०० च्याही आत राहिल्या होत्या.

हा नियम दुरंगी लढतीचा. आपल्याकडे मते फुटतात, हे ओळखून डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणॉय रॉय यांनी विरोधी ऐक्याचा निर्देशांक मांडला : सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाची मते भागिले सर्व विरोधी मते, गुणिले १००. कल्पना खरोखर चांगली आहे. पण विरोधी कोण, हे आधी ठरवावे लागते.

माहीम घ्या, दादरचे शिवाजी पार्क याच मतदारसंघात येते. २०२४ च्या विधानसभेला महेश सावंत (उद्धव ठाकरे यांची शिवसेना) यांना ५०,२१३, सदा सरवणकर (शिंदे यांची शिवसेना) यांना ४८,८९७ आणि मनसेचे अमित ठाकरे यांना ३३,०६२ मते पडली. या तिघांपुरते पाहून मनसेला विरोधी धरले तर निर्देशांक ६०. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज ठाकरे यांनी शिवाजी पार्कवरूनच मोदींना पाठिंबा जाहीर केला होता. मनसेला सत्ताधाऱ्यांकडे धरले तर निर्देशांक १००. मतदार तेच, मते तीच! मग हे मोजमाप झाले की मोजणाऱ्याचे मत?

आता वर्गात करण्याजोगा हिशोब. अमित ठाकरे यांच्या दर २५ मतदारांपैकी एक सरवणकरांकडे गेला असता, तर त्यांना १,३२२ मते वाढून ते सहा मतांनी निवडून आले असते. हजार जणांच्या पाहणीत टक्केवारी दोन्ही बाजूंना सुमारे तीनने चुकू शकते, आणि इथला फरक या तिघांच्या मतांच्या एक टक्का! तो अशा पाहणीत दिसणार कसा? म्हणून जागांचा आकडा सांगणाऱ्याने सूत्रही सांगावे, आणि एका आकड्याऐवजी पल्ला द्यावा.

शेजारच्या वरळीत हेच करून पाहा. तिथे आदित्य ठाकरे आणि मिलिंद देवरा यांच्यातील फरक ८,८०१ मतांचा, मनसेची मते १९,३६७. निकाल फिरवायला पंचविसातला एक पुरत नाही. जवळजवळ निम्मे लागतात.