आस्वाद, आदीनव आणि निःसरण

बुद्धाने सुखाचा धिक्कार केला, इच्छा मारून टाकायला सांगितले, असे मानणारे आपल्याकडे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले प्रस्थापित पंडित. दलिताने पक्के घर बांधले, अंगावर चांगला कपडा घातला, लेकीच्या लग्नात गोडधोड केले, की यांना एकाएकी तृष्णेची आठवण होते. बुद्ध स्वीकारलात ना, मग ही हौस कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. दुसरे आपलेच काही प्रवचनकार. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईपुढे ते इच्छा कमी करण्याचा उपदेश करतात. तिच्या इच्छा आधीच किती कमी करून ठेवलेल्या आहेत आणि त्या कोणी कमी केल्या, हा प्रश्न त्यांना पडत नाही. दोघांच्याही तोंडी बुद्धाचे शब्द आहेत. बुद्धाचा विचार मात्र दोघांकडेही नाही. सुखद अनुभवाविषयी आणि त्याच्या आसक्तीविषयी बुद्धाचा विचार नेमका काय होता, आणि जातीच्या समाजात तो वाचताना काय घडते, याची चिकित्सा म्हणूनच आवश्यक आहे.

पाली निकायांत या प्रश्नाची मांडणी तीन शब्दांनी केलेली आढळते : अस्साद, आदीनव, निस्सरण. अस्साद म्हणजे आस्वाद, वस्तूत खरोखर असलेली गोडी. आदीनव म्हणजे त्या गोडीच्या पोटात दडलेली हानी, तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत. निःसरण म्हणजे तिच्या पकडीतून बाहेर पडणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. बुद्ध गोडी नाकारून सुरुवात करीत नाही. जगात गोडी आहे म्हणूनच माणसे तिला चिकटतात, हे तो आधी मान्य करतो. जग मिथ्या आहे, सुख हा भास आहे, असे सांगणारा हा मायावाद नव्हे. गोडी खरी, किंमतही खरी आणि सुटकाही खरी, अशी ही भूमिका आहे.

मज्झिम निकायातल्या चूळवेदल्ल सुत्तात हाच विचार एका स्त्रीच्या तोंडून आला आहे. भिक्षुणी धम्मदिन्ना आपल्या पूर्वीच्या पतीला, विशाखाला, वेदनांचे स्वरूप समजावून सांगते. येथे वेदना म्हणजे मराठीतले दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा या दोन्ही नसलेली कोणतीही संवेदना. सुखद वेदनेच्या तळाशी रागाचा, म्हणजे चिकटण्याचा, सुप्त कल असतो, असे ती सांगते. पण प्रत्येक सुखद वेदनेत तो असतोच असे नाही, हेही ती तितक्याच स्पष्टपणे सांगते. सुख आणि सुखाला चिकटणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या झाल्या. सिद्धार्थाच्या स्वतःच्या शोधातही हाच टप्पा आहे. उपासाने देह झिजवून काही हाती लागले नाही, तेव्हा त्याला लहानपणी जांभळीच्या सावलीत अनुभवलेले शांत सुख आठवले. त्या निर्दोष सुखाला आपण का भ्यावे, असे त्याने स्वतःला विचारले आणि अन्न घेतले. सुखाची भीती टाकणे ही बोधीच्या वाटेवरची एक पायरी होती.

निकायांत कठोर उपमाही आहेत, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. भोग म्हणजे कुत्र्यापुढे टाकलेले मांसहीन हाड, भोग म्हणजे निखाऱ्यांचा खड्डा, असे तेथे म्हटले आहे. पण हे कोणाला सांगितले ते पाहिले पाहिजे. पोतलिय हा श्रोता धनधान्य मुलांच्या हाती सोपवून निवृत्तीचा तोरा मिरविणारा गृहपती आहे. त्याचे खाऊन झाले आहे. अनाथपिंडिकासारख्या संसारी माणसाला मात्र बुद्ध चार सुखे सांगतो : न्यायाने मिळविलेले धन जवळ असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे आणि सत्कार्यी लावण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष वर्तनाचे सुख. सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या समाजाला या तिसऱ्या सुखाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

येथपर्यंत पंडितही मान डोलावतील. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. मज्झिम निकायातल्याच महादुक्खक्खन्ध सुत्तात बुद्ध भोगांचा आदीनव सांगतो, तेव्हा तो नरकापासून सुरुवात करीत नाही, श्रमापासून करतो. माणूस हिशेब लिहून, शेती करून, व्यापार करून, गुरे राखून, राजाची चाकरी करून पोट भरतो. थंडी, ऊन, डास, वारा, भूक, तहान सोसतो. एवढे करून काही मिळाले नाही तर ऊर बडवतो. मिळाले तर राजा, चोर, आग, पूर यांच्यापासून ते राखताना झिजतो. त्यापुढे भांडणे येतात, घरातली आणि राज्याराज्यांतली, आणि शेवटी शस्त्रे. म्हणजे भोगाचा आदीनव परलोकात शोधावा लागत नाही. तो बांधावर, बाजारात आणि रणांगणावर दिसतो.

या सुत्तातला माणूस एकच आहे. गोडी चाखणारा तोच आणि तिच्यासाठी ऊन-पाऊस सोसणाराही तोच. म्हणून त्याने नीट पाहिले तर त्याला आदीनव दिसू शकतो आणि आदीनव दिसला तर निःसरणाची वाट दिसू शकते. जातिव्यवस्थेने नेमका हाच दुवा तोडला. तिने आस्वाद आणि आदीनव यांची वाटणी केली. गोडी एकाच्या ताटात आणि थंडी, ऊन, डास दुसऱ्याच्या अंगावर. परिणाम असा झाला की चाखणाऱ्याला किंमत कधी दिसलीच नाही, आणि किंमत मोजणाऱ्याला गोडी कधी मिळाली नाही. त्याच्या वाट्याला आला तो फक्त त्यागाचा उपदेश. आस्वाद वरच्यांना, आदीनव खालच्यांना आणि वर निःसरणाचे प्रवचनही खालच्यांनाच, अशी ही त्रिविध लूट आहे.

ही वाटणी धर्मशास्त्राने लिहून ठेवली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, प्रेताची वस्त्रे वापरावी, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावे असे नियम आहेत. शूद्राने सामर्थ्य असूनही धनसंचय करू नये, हेही त्याच अध्यायात आहे. त्यागाचा हा उपदेश नव्हे. सुखावरची ही बंदी आहे. त्याग करणाऱ्याच्या हाती आधी काही असावे लागते.

ही बंदी पोथीतच राहिली नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि परिषद रद्द झाल्यामुळे १९३६ साली स्वतः छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले. पदार्थांत तूप होते. पंगत बसलेली असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावून आले. त्यांनी अन्न नासले आणि जेवणाऱ्यांना मारले. यजमानाने तूप वाढण्याचा उद्धटपणा केला आणि पाहुण्यांनी ते चाखण्याचा मूर्खपणा केला, हा अपराध. तूप यजमानाच्या पैशाचे होते. तरीही ते मारेकऱ्यांना आपल्या प्रतिष्ठेवरचा घाला वाटले.

या पंगतीत आसक्त कोण होते? जिभेवर तुपाची चव घेणारे की हातात लाठी घेतलेले? दीघ निकायातल्या महानिदान सुत्तात याचे उत्तर आहे. बुद्ध आनंदाला एक साखळी सांगतो. वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून निवाडा, निवाड्यातून ओढ, ओढीतून आसक्ती, आसक्तीतून परिग्रह, परिग्रहातून मात्सर्य, मात्सर्यातून राखण. आणि राखणीतून दंड, शस्त्र, कलह, चहाडी, खोटेपणा. मात्सर्य म्हणजे मला मिळाले ते दुसऱ्याला मिळू नये ही बुद्धी. याच यादीत 'तुवंतुवं' असा एक शब्द आहे. त्याला मराठीत आपण अरेतुरे म्हणतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याचे भाषांतर करून द्यावे लागत नाही. चकवाऱ्याचे हिंदू तुपाला चिकटलेले नव्हते. तूप त्यांच्या घरी होतेच. ते चिकटले होते उंचपणाच्या सुखद वेदनेला. जातीचा उंचपणा ही फुकट मिळणारी, रोज चाखता येणारी वेदना आहे आणि ती टिकते दुसऱ्याच्या ताटात तूप नसण्यावर. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या आणि मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, तेव्हाही राखण पाण्याची नव्हती. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, तेव्हा राखण नावाची नव्हती. राखण होती ती याच सुखाची.

बाबासाहेबांचे वाचन येथे निर्णायक ठरते. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर शंका घेतली. ती मांडणी धम्माला निराशावादी करते, असे त्यांना वाटले. यावरून काही टीकाकार म्हणतात की बाबासाहेबांनी तृष्णेचा विचारच काढून टाकला आणि धम्माचे केवळ समाजकारण केले. हा आक्षेप ग्रंथ न वाचता घेतलेला आहे. तृष्णात्याग म्हणजे धम्म, असे स्वतंत्र प्रकरण त्याच ग्रंथात आहे. तेथे ते बजावतात की समाधान म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही. त्याने वीर्य, म्हणजे उद्योग, शिकविला. त्याग करायचा तो अमर्याद लोभाचा. महानिदानातली ती साखळीही ते तेथेच देतात आणि वर्गसंघर्षाची ही यथार्थ मीमांसा आहे, असे म्हणतात. तृष्णा त्यांनी काढून टाकली नाही. ती एकट्याच्या मनातून उचलून समाजाच्या रचनेत, म्हणजे ती जिथे लाठी होते तिथे, दाखवून दिली.

हीच त्रयी साहित्याला लावून पाहावी. मराठी समीक्षेचा लाडका शब्द 'आस्वाद' आहे. रसचर्चेतले प्रबळ मत असे की करुणरसही आनंदच देतो. रस सुखदुःखात्मक असतात, असे रामचंद्र-गुणचंद्रांनी 'नाट्यदर्पणा'त म्हटले. ते मत बाजूला पडले. या संस्कारात वाढलेला रसिक दलित आत्मकथन हाती घेतो, हळहळतो, डोळे पुसतो आणि त्या हळहळीची गोडी घेऊन उठतो. दुसऱ्याचा आदीनवही त्याने आस्वाद करून टाकला. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मांडताना आनंद हे मूल्य नाकारून समता, स्वातंत्र्य, न्याय ही मूल्ये पुढे ठेवली, त्यामागे हेच कारण आहे. दलित साहित्याचे काम गोडी देणे नव्हे. गोडी चाखणाऱ्यासमोर तिची किंमत आणून ठेवणे आहे. वाचकाला आपल्या ताटातल्या तुपाचा हिशेब विचारावासा वाटला नाही, तर ते लेखन कितीही गाजो, त्याने आपले काम केले नाही.

हा निकष आपल्यालाही लागू आहे. शिक्षण आणि नोकरी यांमुळे आपल्यापैकी काहींच्या ताटात तूप आले. ते लढून मिळविले आहे. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण लाभानंतर निवाडा, मात्सर्य आणि राखण येते, हा नियम जात पाहून चालत नाही. दीक्षेनंतर इतकी वर्षे लोटली तरी सोयरीक जमविताना पोटजात विचारली जाते. वस्तीतून वसाहतीत गेलेला माणूस वस्तीचे नाव सांगायला कचरतो. लेखकाला दुःखापेक्षा दुःखावरच्या टाळ्या प्रिय होतात. आणि ज्या स्वच्छ न्हाणीघराचे सुख आपण आज घेतो, त्याची किंमत गटारात उतरणारा माणूस मोजतो आहे. १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले, तरी गटारात गुदमरून माणसे मरतच आहेत. त्या माणसाची जात आपल्याला ठाऊक आहे. आदीनव पुन्हा दुसऱ्याच्या अंगावर ढकलून आपण निःसरणाची वंदना म्हणत असू, तर चकवाऱ्याच्या लाठीधाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो किती?

निःसरण म्हणजे तूप टाकून देणे नव्हे आणि ते एकट्याने ओरपणेही नव्हे. गोडी आणि किंमत यांची वाटणी संपविणे हे सामाजिक निःसरण, आणि उंचपणाच्या वेदनेवरची पकड सुटणे हे मनाचे निःसरण. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. म्हणून विहारात तृष्णेवर बोलणाऱ्याने चकवाऱ्याची हकीकतही वाचून दाखवावी, आणि मोर्चात चकवाऱ्यावर बोलणाऱ्याने महानिदानातली साखळी विसरू नये. खडी फोडून आलेल्या बाईला आधी भाकरीवर तूप वाढावे. तिच्याशी त्यागाची चर्चा करायची असेल, तर तिचे जेवण झाल्यावर, तिच्या शेजारी बसून करावी.