बोर्डाचं नाही घेतलं होय?

वृद्धाश्रमातले व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. मागे बासरी, समोर सुरकुतलेले हात आणि पहिलाच प्रश्न : "आजी, इथं कशा आलात?" मग मुलगा, सून, डोळ्यांत पाणी; आणि खाली आपल्या हळहळत्या कमेंट्स. असा एक व्हिडिओ मीही केलाय. त्यामुळे ही टीका आधी माझ्यावर.

मी ज्यांच्याशी बोलले, त्या आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग हे ट्रंक कॉलचे प्रकार त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून वेळ संपल्याचं सांगावं लागे. "पलीकडे कुणी रडत असलं, तर मी जरा उशिरा सांगायचे," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि विचारलं, "मुलगा भेटायला येतो का?"

"येतो महिन्यातून एकदा," म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाण्याचा टँकर आला होता. त्या नजरेखाली मी बासरी टाकली. चाळीस मिनिटांतून नव्वद सेकंद उरले. त्यात एक्स्चेंज नव्हतं.

या व्हिडिओंमधल्या रडण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शेवटचं प्रकरण वाचून अख्खं पुस्तक कळल्याचा आव आणण्याला. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३मध्येच मांडलं होतं, की म्हातारपणी मागे वळून पाहणं ही निरर्थक बडबड नसते; माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब लावत असतो. आपण मात्र तो हिशेब मधेच तोडून आपल्याला हवी तेवढी बेरीज उचलतो.

मराठीत याहून चांगला नमुना आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९मध्ये आलं. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या बायकांना शोधून त्यांनी बोलतं केलं. त्यांच्या विचारण्याचा रोख 'तुमचं काय झालं?' असा नाही, 'तुम्ही काय केलंत?' असा आहे. पहिल्या प्रश्नातून कीव हाती लागते, दुसऱ्यातून इतिहास.

मग एकटेपणाबद्दल विचारायचंच नाही का? विचारावं, पण त्या स्वतः तिथवर आल्यावर.

व्हिडिओ मी आजींना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, चष्मा पुसला आणि विचारलं, "बोर्डाचं नाही घेतलं होय?"

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. या वेळी विचारलं, "पहिल्या दिवशी बोर्डावर बसलात, तेव्हा पहिला कॉल कुठला जोडलात?" त्या सांगू लागल्या. मी घड्याळ पाहिलं नाही.