आडवे केलेले हात

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात भावांच्या आशीर्वादाची सर्वांना ठाऊक असलेली कथा २७ व्या अध्यायात आहे. मला ४८ वा अध्याय अधिक सरस वाटतो. पण त्याची चव २७ वा वाचल्याशिवाय लागत नाही.

तिथे इसहाकाची नजर गेलेली. थोरला एसाव शिकारीला गेलाय. धाकटा याकोब आईच्या सांगण्यावरून त्याचे कपडे घालून, हातांना करडांची कातडी गुंडाळून बापापुढे उभा राहतो. म्हातारा चाचपून बघतो. आवाज धाकट्याचा वाटतो, तरी तो स्पर्शावर विश्वास ठेवतो. मग एसाव परततो, हंबरडा फोडतो आणि विचारतो, बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद होता का? पूर्वी डाळीच्या कालवणापायी याकोबाला थोरलेपण विकणाऱ्या एसावाला उथळ ठरवणं सोपं होतं. पण लिहिणाऱ्याने त्याचं रडणं गाळलं नाही, आणि त्यामुळे आपल्याला याकोबाच्या बाजूला निवांत उभं राहता येत नाही.

आता ४८ वा अध्याय, मिसर देश. याकोब मरणपंथाला लागलाय, त्याचीही नजर अधू. त्याचा मुलगा योसेफ आपल्या दोन मुलांना नीट बेताने पुढे आणतो: थोरला मनश्शे आजोबांच्या उजव्या हाताशी, धाकटा एफ्राईम डाव्या. म्हातारा हात आडवे करतो. उजवा धाकट्याच्या डोक्यावर.

योसेफाला ते खटकतं. तो बापाचा हात धरून उचलू पाहतो. दहा थोरल्या भावांना डावलून ज्याला बापाने जवळ केलं, तोच आज थोरल्याच्या मानासाठी अडून बसलाय! याकोब बधत नाही. मला ठाऊक आहे, असं तो दोनदा सांगतो. इसहाकाचे हात फसले होते. याचे हात जाणूनबुजून तसे पडले आहेत. इथे कातडी नाही, चोरी नाही. जे काही आहे ते बापासमोर, दोन्ही मुलांसमोर. मनश्शेवर अन्याय होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तोही थोर होईल, हे आजोबा तिथल्या तिथे सांगतात, आणि दोघांची नावं एकाच आशीर्वादात गुंफतात. एसावाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं.

आजही शब्बाथच्या संध्याकाळी अनेक ज्यू घरांत मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, देव तुला या दोघांसारखं करो, असं म्हणतात. नावांचा क्रम याकोबाने लावला तोच: आधी एफ्राईम, मग मनश्शे.