प्रतिपिंडाचे व्याकरण : एका उपमेची परीक्षा

स्टॉकहोम येथे 8 डिसेंबर 1984 रोजी नील्स येर्ने या डॅनिश शास्त्रज्ञांनी जे नोबेल व्याख्यान दिले, त्याला त्यांनी 'प्रतिरक्षासंस्थेचे प्रजनक व्याकरण' असे नाव दिले होते. शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याला, म्हणजे प्रतिजनाला, जाऊन बिलगणारी प्रतिपिंडे शरीर अगणित प्रकारांची घडवू शकते. मर्यादित घटकांतून अमर्याद रचना निर्माण करण्याचे हे सामर्थ्य चॉम्स्की यांनी वर्णिलेल्या भाषासामर्थ्याशी जुळते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. प्रतिपिंडाचा बदलता भाग हे एक वाक्य, प्रतिजन हेही एक वाक्य, आणि दोहोंचा संयोग म्हणजे वाक्याला वाक्याने दिलेले उत्तर. एका जीवशास्त्रज्ञाने भाषाशास्त्राचा असा गौरव करावा, याचे आम्हां भाषाभ्यासकांना समाधान वाटते. परंतु गौरव झाला म्हणून परीक्षा टाळता येत नाही. आपल्या अलंकारशास्त्राने उपमेची चार अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी साधारण धर्म येथे कोणता, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

प्रथम घडणीची बाजू पाहू. मानवी प्रतिपिंडाच्या जड साखळीचा बदलता भाग तीन प्रकारच्या जनुकखंडांतून एकेक निवडून जोडला जातो. कार्यक्षम खंड व्ही प्रकारचे सुमारे 40, डी प्रकारचे 23 आणि जे प्रकारचे 6 आहेत. केवळ निवडीनेच साडेपाच हजारांच्या आसपास जुळण्या होतात; शिवाय सांध्यावरील काही घटक गळतात, काही नवे भरले जातात, आणि विविधता कित्येक पटींनी वाढते. जनुकखंडांची ही जुळणी सुसुमु टोनेगावा यांनी दाखवून दिली व त्यासाठी त्यांना 1987 चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे साधारण धर्म आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तो वाक्यरचनेचा नसून पदरचनेचा आहे. वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य घालता येते, त्याच्या पोटात तिसरे; व्ही-डी-जे यांच्या पोटात दुसरे व्ही-डी-जे बसत नाही. उलट 'औंढा' या नामाला 'ला' लावून आपण 'औंढ्याला' म्हणतो, तेव्हा ठरलेल्या जागी ठरलेल्या जातीचा घटक येतो आणि सांध्यावर मूळ रूप पालटते. प्रतिपिंडाची घडण या सामान्यरूपाच्या प्रक्रियेला अधिक जवळची आहे. येर्ने यांनी व्याकरण हाती घेतले ते योग्यच. प्रकरण मात्र दुसरे उघडले.

यापेक्षा मोठी अडचण ग्रहणाच्या बाजूस आहे. ती स्पष्ट होण्यासाठी कर्करोगाच्या तपासणीत मोजले जाणारे एक प्रथिन उदाहरणादाखल घेऊ. त्याचे रूढ नाव पी.एस.ए. पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीत ते तयार होते. 237 ॲमिनो अम्लांची ती एक साखळी असून इतर प्रथिने तोडणे हे तिचे कार्य. हे कार्य ज्या तीन अम्लांमुळे घडते, ती साखळीत 41, 96 व 189 या क्रमांकांवर आहेत. म्हणजे क्रमाने पाहता ती परस्परांपासून दूर. साखळीची घडी पडली म्हणजेच ती शेजारी येतात. प्रतिपिंड जेथे बसते त्या जागाही बहुधा अशाच, घडीमुळे जुळून आलेल्या असतात. घडी मोडली, तर अम्लांचा क्रम जसाच्या तसा राहूनही अनेक प्रतिपिंडे त्या साखळीला बिलगेनाशी होतात. पदे तीच, क्रमही तोच, आणि तरी उत्तर येत नाही, असे वाक्याच्या बाबतीत कसे म्हणता येईल?

पुढे आणखी एक गोष्ट आहे. रक्तातील बहुतेक पी.एस.ए. मोकळे नसते; ते अँटिकायमोट्रिप्सिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जखडलेले असते, हे 1991 मध्ये फिनलंड व स्वीडन येथील संशोधकांनी दाखविले. हे दुसरे प्रथिन क्रियास्थानावर बसते व भोवतालच्या काही जागा झाकून टाकते. झाकल्या जाणाऱ्या जागेवर बसणारे प्रतिपिंड वापरले, तर केवळ मोकळे पी.एस.ए. मोजले जाते, उघड्या राहिलेल्या जागांवर बसणारी प्रतिपिंडे वापरली, तर मोकळे व जखडलेले दोन्ही मोजले जाते. आल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिन तर पी.एस.ए.ला पूर्णपणे आपल्या पोटात घेते आणि नेहमीच्या चाचणीत तो अंश येतच नाही. प्रथिन एकच, परंतु कोणते प्रतिपिंड निवडले, यावर त्याचे माप ठरते.

यावरून निष्पन्न होते ते असे : प्रतिपिंड प्रथिन वाचीत नाही, त्यावरील एका जागेला लागते. आश्चर्य म्हणजे या जागेला नाव देणारेही येर्नेच. 1960 मध्ये त्यांनी 'एपिटोप' हा शब्द घडविला. ग्रीक भाषेत 'एपि' म्हणजे वर आणि 'टोपोस' म्हणजे स्थान. या शब्दात स्थानाचा निर्देश आहे, अर्थाचा दावा नाही. चोवीस वर्षांनंतरच्या त्यांच्या उपमेपेक्षा त्यांचा हा शब्द अधिक यथार्थ आहे, असे आमचे मत आहे.

हा वाद केवळ शब्दांचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मराठीत आपण सहज लिहून जातो की, 'प्रतिपिंड कर्करोग ओळखते.' 'ओळखणे' या क्रियापदाला जाणता कर्ता लागतो, आणि जाणत्याने ओळखले म्हणजे निर्णय झाला, अशी वाचकाची समजूत होते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात इंग्रजीतला तपासणी-अहवाल घेऊन एखादा वृद्ध गृहस्थ गावातल्या शिक्षकाकडे जातो व विचारतो, "सर, यात कॅन्सर लिहिलाय का?" त्या कागदावर कर्करोग लिहिलेला नसतो, एक आकडा असतो. ग्रंथीची साधी वाढ किंवा दाह झाला तरी तो आकडा चढतो : ही अतिव्याप्ती. उलट, 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचा आकडा मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅमपेक्षा अधिक कधीच गेला नव्हता, अशा 2,950 पुरुषांच्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासला असता 449 जणांत कर्करोग आढळला : ही अव्याप्ती. ज्या लक्षणाला हे दोन्ही दोष लागतात, त्याच्यावरून एकदम निर्णय करू नये, हे आपल्या नैयायिकांनी केव्हाच सांगून ठेवले आहे.

म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना व आपल्या विद्यार्थ्यांना एकच सुचवावेसे वाटते. 'प्रतिपिंड कर्करोग ओळखते' हे वाक्य सोडून द्यावे आणि 'प्रतिपिंड प्रथिनावरील अमुक जागेस लागते' असे लिहावे. ओळखण्याचे काम रोग्याला तपासणाऱ्या वैद्याचे आहे. ते त्याच्याकडेच राहू द्यावे.