चमत्कार कीं अध्यापन?

हेलन केलर यांचें ‘दि स्टोरी ऑफ माय लाइफ’ हें आत्मचरित्र १९०३ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या सुशिक्षित घरांतून तें अपरिचित नाहीं. परंतु तें वाचण्याची आपली रीत सदोष आहे, असें आमचें मत आहे. आपण तें चमत्कारकथा म्हणून वाचतों. पैठणास ज्ञानेश्वरांनीं रेड्यामुखीं वेद वदविले, ही कथा ज्या मनांत बालपणींच रुजली, त्या मनास अंध व बधिर मुलीच्या हातावर पाण्याची धार पडतांच तिला शब्दाचें ज्ञान झालें, हा प्रसंगही तसाच भासावा, यांत नवल नाहीं. विल्यम गिब्सन यांच्या १९५९ सालच्या ‘द मिरॅकल वर्कर’ या नाटकानें तर चमत्कार नांवांतच घातला.

मूळ ग्रंथ मात्र निराळें सांगतो. त्याच्या तिसऱ्या भागांत शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांचीं पत्रें आहेत, व आमच्या मतें ग्रंथाचें खरें मोल तेथें आहे. ३ मार्च १८८७ रोजीं त्या केलर कुटुंबांत आल्या. पाण्याचा प्रसंग ५ एप्रिलचा. मधल्या महिन्यांत झगडा झाला तो जेवणाच्या मेजाशीं. इतरांच्या ताटांत हात घालणाऱ्या मुलीस चमच्यानें जेवावयास शिकविणें, हाही एक पाठच होता. पेला व पाणी या शब्दांचा घोळ सुटत नव्हता. ऐकणाऱ्या बालकाशीं आई जशी अखंड बोलते, तशी ही शिक्षिका हेलनच्या तळहातावर बोटांनीं पूर्ण वाक्यें लिहीत राहिली. हें अध्यापन होय, चमत्कार नव्हे.

हा भेद केवळ रसिकतेचा नाहीं. हेलनची बुद्धि अव्यंग व तल्लख होती. १९०४ सालीं ती पदवीधर झाली. ज्या मुलांस दृष्टि, श्रवण, हातपाय व बुद्धि यांपैकीं एकाहून अधिक ठिकाणीं तीव्र उणेपण आहे, त्यांस पदवीच्या मापानें मोजूं गेल्यास सर्वच निष्फळ ठरतील, आणि घरचीं माणसें निराश होऊन हात टेकतील. चमच्याच्या मापानें मोजल्यास मात्र पुष्कळ साधतें. मुंबईस १९७७ सालीं बेहरोज वाच्छा यांनीं हेलन केलर यांच्याच नांवानें बधिर व अंध-बधिर मुलांसाठीं संस्था काढली. अशा शिक्षणांत जेवणापूर्वीं मुलाच्या हातीं चमचा देतात, स्नानापूर्वीं पंचा देतात. रोज तीच वस्तु, त्याच वेळीं. कालांतरानें मूल पुढें काय होणार हें ओळखूं लागतें. कधीं तें स्वतःच चमचा पुढें करून भूक सांगतें. ‘एवढ्यानें काय झालें?’ असें कोणी विचारील. ज्याला आजवर केवळ रडूनच मागतां येत होतें, त्याला मागण्याची भाषा मिळाली, हें झालें.

आतां पैठणाच्या खालच्या अंगास, त्याच गोदावरीच्या कांठीं, अंबड तालुक्यांतील शहागडाचा विचार करूं. तेथील एखाद्या घरीं असें मूल असेल, तर त्याचें काय? २०१२ च्या दुरुस्तीनें शिक्षणहक्काच्या कायद्यांत बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांस घरीं राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांस ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. घरीं शिकविण्यांत कमीपणा नाहीं; सलिव्हनबाईंनीं हेलनला तिच्या घरींच शिकविलें. परंतु त्या घरीं शिक्षिका आली होती व राहिली होती. शिक्षक न येतां केवळ पटावर नांव घालून मूल घरीं ठेवणें, यास गृहशिक्षण म्हणणें ही भाषेची विटंबना होय.

म्हणून या ग्रंथाचा आदर करावयाचा असेल, तर वाचकांनीं पाण्याचा प्रसंग क्षणभर बाजूस ठेवून तीं पत्रें वाचावींत. आणि आपल्या जिल्ह्यांत अशा मुलाच्या दारीं शिक्षक आठवड्यांतून किती दिवस जातो, हें शिक्षणाधिकाऱ्यांस विचारावें.