विकण्याचा प्रश्न : ‘हड’ आणि ‘टिंग्या’मधील बाप-लेक

मार्टिन रिट दिग्दर्शित ‘हड’ (१९६३) हा चित्रपट बाप-लेकांच्या संघर्षाची अभिजात कथा मानला जातो. लॅरी मॅकमर्ट्री यांच्या १९६१ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. टेक्ससमधील एका रँचवर, म्हणजे गुरांच्या विस्तीर्ण खाजगी कुरणावर, तिघे जण राहतात : वृद्ध मालक होमर बॅनन, त्याचा मुलगा हड आणि होमरच्या दिवंगत थोरल्या मुलाचा सतरा वर्षांचा मुलगा लॉनी. गुरांना लाळ्या खुरकूत झाल्याचा संशय येतो. तपासणीचा निकाल लागण्याआधीच गुरे परमुलखातल्या अजाण गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारावीत, असे हड सुचवतो. होमर ते साफ नाकारतो. पुढे निदान पक्के होते आणि सबंध कळप खड्ड्यात उतरवून गोळ्यांनी मारला जातो. होमर त्यानंतर फार काळ जगत नाही. लॉनी घर सोडतो आणि हड त्या ओसाड मालमत्तेचा एकटा धनी उरतो.

या कथेचा रूढ अन्वयार्थ नैतिक स्वरूपाचा आहे. बाप मूल्यनिष्ठ, मुलगा मूल्यभ्रष्ट आणि नातू या दोहोंमधून निवड करणारा साक्षी, अशी ही मांडणी आहे. प्रत्यक्षात १९६३ मधील तरुण प्रेक्षकांनी खलपुरुष म्हणून रचलेल्या हडलाच नायक मानले. चित्रपट ज्याचा धिक्कार करतो त्याच्याच आकर्षणावर तो उभा आहे, हा अंतर्विरोध पॉलीन केल यांनी त्याच दशकात नोंदवला होता. तथापि, होमरची मूल्यनिष्ठा कशाच्या आधारावर उभी आहे, हा प्रश्न या दोन्ही वाचनांत मागे पडतो. त्याचे उत्तर चित्रपटाच्या संहितेतच सापडते. होमर जमिनीचा निर्विवाद मालक आहे. त्या जमिनीत तेलासाठी विहिरी खोदू देण्यासही तो नकार देतो. नकार देणे त्याला परवडते. कळप गेला तरी जमीन उरते. म्हणूनच त्याच्या सदसद्विवेकाला उभे राहायला जागा मिळते. मालकी हे येथे मूल्याचे अधिष्ठान आहे आणि चित्रपट ते गृहीत धरतो. हड बापाला कायद्याने अकार्यक्षम ठरवू पाहतो, तेव्हा त्याचा रोख बापाच्या नीतीवर नसतो, तिच्याखालच्या या अधिष्ठानावर असतो.

हे गृहीत नांदेड-लातूरच्या परिसरातून पाहिले की अधिक स्पष्ट दिसते. हा प्रदेश गोवंशाचा आहे. देवणी ही जात लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने, तर लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखली जाते. देवणीतले वानेरा, शेवरा, बाळंक्या हे प्रकार येथील शेतकरी रंगावरून ओळखतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार ही या गुरांच्या खरेदी-विक्रीची नावाजलेली ठिकाणे आहेत. येथे ‘कळप’ ही संकल्पना बहुधा लागू पडत नाही. असते ती दावण. दावणीला दोन-चार जनावरे, प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाची खोड घरातल्या सर्वांना ठाऊक.

गुरांच्या बाजाराचीही एक नीती असते. गिऱ्हाईक दात पाहते, बैल चालवून पाहते, पाठीवर थाप मारते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. बैलाची खोड विकणाऱ्याने आपण होऊन सांगावी अशी अपेक्षा नसते. ती ओळखणे हे घेणाऱ्याचे कसब मानले जाते. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हडची सूचना प्रथमदर्शनी पाप वाटणार नाही, हुशारी वाटेल. मात्र येथेच एक भेद करावा लागतो. खोड एका जनावराची असते, रोग शिवाराचा असतो. खोड लपवणारा एका गिऱ्हाइकाला फसवतो. रोग लपवणारा न पाहिलेल्या गावांच्या दावणी रिकाम्या करतो. होमरच्या नकाराचे खरे मोल या भेदात आहे. म्हणजे मालकीच्या आधाराने उभा असला तरी तो नकार मालकीपुरता उरत नाही. ‘हड’चे सामर्थ्य आणि मर्यादा या एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) या संदर्भात निर्णायक ठरतो. त्याची भूमी जुन्नर परिसराची आहे. परंतु त्यातील पेच मराठवाड्यातील कोणत्याही गोठ्यात ओळखू येईल असा आहे. चितंग्या हा बैल जायबंदी होतो. नांगराला दुसरा बैल हवा, त्यासाठी पैसा हवा, म्हणून टिंग्याचा बाप कारभारी चितंग्याला विकायला निघतो. टिंग्या विरोध करतो. शेजारच्या रशिदाची म्हातारी आजी आजारी असताना तिची सेवा होते, मग बैलालाच का विकायचे, हा त्याचा प्रश्न आहे.

दोन्ही चित्रपटांत वादाचा विषय एकच आहे : निकामी झालेले जनावर विकावे की नाही? भूमिका मात्र पूर्णतः उलटलेल्या आहेत. टेक्ससमध्ये मुलगा विकू पाहतो आणि बाप अडवतो. जुन्नरमध्ये बाप विकू पाहतो आणि मुलगा अडवतो. हा उलटफेर योगायोगाचा नाही. कारभारीपाशी होमरइतकीच माया आहे, पण होमरची जमीन नाही. कर्ज आणि हंगाम त्याच्या मानेवर बसलेले आहेत. कारभारी म्हणजे परिस्थितीने हडच्या जागी आणून उभा केलेला होमर होय. बापाला विवेक परवडेनासा झाला की तो घरात ज्याच्यावर कसलीही जबाबदारी नाही त्याच्याकडे, म्हणजे पोराकडे जातो. ‘हड’मध्ये विवेकाचा वारसा मुलाला वगळून आजोबांकडून नातवाकडे जातो, ‘टिंग्या’त तो खालून वर, पोराकडून बापाकडे चढू पाहतो. एका ठिकाणी बाप मुलाचा न्याय करतो, दुसऱ्या ठिकाणी मुलगा बापाची असहायता पाहतो. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेतही पोराला हेच पाहावे लागते : भाव कोसळल्यावर बाजारात स्वतःच पिकवलेले टोमॅटो तुडवणारा बाप. मराठी ग्रामीण साहित्यातील बाप-लेकांचा संघर्ष दोघांपुरता क्वचितच असतो. सावकार, दलाल, बाजारभाव यांपैकी कोणीतरी तिसरा तेथे हजर असतो आणि बहुधा तोच जिंकतो.

१९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्यातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. टिंग्याच्या प्रश्नाचे एक उत्तर आता कायद्याने दिलेले आहे. पण वैरण कोठून आणायची, या कारभारीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. शिवाय सोयाबीन आणि ट्रॅक्टर यांच्या काळात लातूर-नांदेडकडे देवणीची जोडी राखणारा शेतकरी काही वेळा उपयोगासाठी नव्हे, आठवणीसाठी ती राखतो. होमरनेही आपले दोन जुने लाँगहॉर्न असेच राखले होते आणि शेवटी ते स्वतःच्या हाताने मारले होते. त्या गोठ्याच्या दारात उभा असलेला, लातूरच्या शिकवणीवर्गांची फी मागणारा मुलगा हड नव्हे. त्याला लॉनी म्हणणे अधिक न्याय्य ठरेल : निघून जाणारा, पण तिरस्काराने न जाणारा.

ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत ‘मातीशी निष्ठा’ हे पद बापाला बहाल करण्याची आणि मुलावर उपरेपणाचा शिक्का मारण्याची सवय दीर्घकाळ रुजलेली आहे. ती नकळत होमरला प्रमाण मानते, पण होमरचा सातबारा पाहत नाही. निष्ठेचे मोल कोण चुकवते, हेही ती विचारत नाही. ‘हड’मध्ये ते घर सांभाळणाऱ्या आल्माला चुकवावे लागते. हडच्या अत्याचाराच्या प्रयत्नानंतर ती निघून जाते आणि बाप-लेकांच्या मूल्यसंघर्षात तिच्या बाजूचा निवाडा कोणीच करत नाही. मूल्य हे केवळ व्यक्तीच्या स्वभावात शोधणारी समीक्षा अशा ठिकाणी अपुरी पडते. बाप थोर की मुलगा, हे ठरवण्याआधी दावणीला किती जनावरे आहेत आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हे मोजावे लागते. त्या मोजणीनंतरही होमरचा नकार थोरच राहतो; फक्त कारभारीची हतबलता मग नैतिक उणीव म्हणून वाचता येत नाही.