घटपर्णी, धामण आणि आपली भीती



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं होतं, "सर, किडे खाणारी झाडं लावणाऱ्यांना बहुधा साप-सरडेही आवडतात. ते का? डोक्यात काही बिघाड असतो का?" सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली. म्हणून आज तोच प्रश्न घेतला आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी होटगी रस्त्याला राहतो. त्याच्या बाल्कनीत घटपर्णीच्या दोन कुंड्या टांगलेल्या आहेत. सोलापुरात हे झाड जगवणं म्हणजे हट्टच. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, हवा कोरडी, बोअरचं पाणी क्षारांचं. असं पाणी या झाडांना सोसत नाही. तो पावसाचं पाणी पिंपात साठवतो, मे महिन्यात कुंड्यांभोवती ओलं पोतं बांधतो. आणि हाच मुलगा फोन आला की रात्री दोन वाजता साप पकडायला निघतो. परदेशात ही जोडी एकाच खोलीत दिसते: एका काचपेटीत बॉल पायथन, शेजारच्या पेटीत व्हीनस फ्लायट्रॅप.

याची नेहमीची स्पष्टीकरणं तीन. पहिलं असं, की या लोकांना क्रौर्याचं आकर्षण असतं. माशी तडफडताना, उंदीर गिळला जाताना त्यांना मजा येते. दुसरं असं, की चारचौघांत उठून दिसायची हौस. तिसरं व्यवहाराचं: काचपेटी, ओलावा, दिवे, तापमान सांभाळायची सवय दोन्हीकडे लागते, म्हणून एका छंदातून माणूस दुसऱ्यात जातो. तिसऱ्यात तथ्य आहे, पण पेटी कशी सांभाळायची एवढंच त्यातून कळतं. ती मुळात आणावीशी का वाटली, हे कळत नाही. दुसरं स्पष्टीकरण तर कुठल्याही छंदाला चिकटवता येतं, म्हणून ते कशाचंच स्पष्टीकरण नव्हे. खरा प्रश्न पहिल्याचा आहे. ते आम्हाला चुकीचं वाटतं.

आता कासचं पठार घ्या. सातारा जिल्ह्यातलं. तिथं निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे बघायला झुंबड उडते. त्यांतल्या एका फुलाला आपण 'सीतेची आसवं' म्हणतो. किती हळवं नाव! पण ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या अंगाला बारीक पिशव्या असतात, आणि पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढला जातो. तिथंच दवबिंदू नावाची वनस्पती आहे, शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. तिच्या पानांवर चमकणारे थेंब दव नसून चिकट सापळे असतात. म्हणजे बघा, दरवर्षी हजारो माणसं शिकाऱ्यांच्या मेळ्यात उभं राहून फोटो काढतात. त्यांना आपण क्रूर म्हणत नाही. फूल दिसतं तेव्हा हळवे होतो आणि सापळा दिसला की दचकतो. झाड एकच असतं.

बरं, ही झाडं किडे का खातात? कासला कातळावर मातीचा पातळ थर. त्यात नायट्रोजन, फॉस्फरस नावापुरते. साखर हे झाड इतर झाडांसारखं उन्हावर स्वतःच तयार करतं. सोलापुरी भाषेत सांगायचं तर भाकरी घरचीच असते. किडा ही शेंगाचटणी. चटणीवर कुणी पोट भरत नाही, पण तिच्याशिवाय अंगात ताकद येत नाही. म्हणजे ज्याला आपण हिंस्रपणा म्हणतो, तो नापीक जमिनीत तग धरण्याचा उपाय आहे.

सापाचंही तसंच. तो शरीराची उष्णता आतून तयार करत नाही, बाहेरून घेतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं. एकदा खाल्लं की कित्येक दिवस तो स्वस्थ. आपल्या कल्पनेतला साप सतत कुणाच्या तरी मागावर असतो. प्रत्यक्षातला बराच वेळ नुसता पडून असतो. घटपर्णीही नुसती लटकून असते. दोघांनाही धावपळ परवडत नाही. वाट पाहायची आणि थोडक्यात भागवायचं, ही दोघांची रीत. आमच्या मते आवडीचं मूळ इथं आहे. ज्याला हे दिसलं, त्याला दोन्ही आवडतात. कुत्रा शेपटी हलवतो, मोगरा वास देतो. साप आणि घटपर्णी आपल्याला काहीच देत नाहीत. त्यांच्याकडे नुसतं बघावं लागतं, आणि असं बघण्याची आवड असणारी माणसं असतात.

याचा मोठा दाखला म्हणजे डार्विन. १८६०च्या उन्हाळ्यात त्याला ड्रॉसेरावर चिकटलेले किडे दिसले आणि तो त्या झाडात गुंतला. पानांना मांसाचे तुकडे, दूध, अंड्याचा बलक सोडून पांढरा भाग असं काय काय घालून पाहिलं. १८७५मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर त्याचा ग्रंथ आला. त्याआधी लिनियससारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं झाड प्राणी खातं हे मानलं नव्हतं. त्याला ते सृष्टीच्या क्रमाविरुद्ध वाटलं. आणि हाच डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर या विषारी सापाच्या जाड काचेला तोंड लावून उभा राहिला. साप झेपावला तरी हलायचं नाही, असा निश्चय करून. साप झेपावला आणि डार्विन मागे उडाला. काच आहे हे बुद्धीला ठाऊक होतं, शरीराला नव्हतं. ही हार त्यानं १८७२च्या पुस्तकात प्रामाणिकपणे लिहून ठेवली. क्रौर्याची आवड असलेला माणूस असं करत नाही. तो स्वतःची भीती तपासत होता.

इथं आमची स्वतःची गोष्ट सांगायला हवी. तीसेक वर्षं आम्ही वर्गात रज्जू-सर्पाचा दृष्टांत शिकवला. अंधारात दोरी साप वाटते, उजेड आला की भ्रम जातो, भय जातं. त्याच काळात एकदा आमच्या अंगणात साप निघाला. आम्ही ओरडलो, शेजारचे काठ्या घेऊन आले, तो मेला. नंतर कळलं, ती धामण होती. बिनविषारी, उंदीर खाणारी. दोरीला साप समजण्याचा भ्रम आम्ही शिकवत होतो, पण सापाला यम समजण्याचा भ्रम आमच्याच अंगणात होता. तो दूर करायला उजेड आणणारा आमच्यात कुणी नव्हता.

याचा अर्थ भीती खोटी आहे असा नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे दृष्टांतातले साप नव्हेत. म्हणूनच त्यांना ओळखणारा माणूस गावात हवा. १९८०मध्ये नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना दाखवायचं होतं.

पण आवडीवरही टीका केली पाहिजे. आमच्या त्या विद्यार्थ्यानं एकदा नाग हातात धरलेला व्हिडिओ टाकला. हजारोंनी पाहिला. आम्ही त्याला फोन केला. म्हटलं, "बाळा, घटपर्णीसमोर तू तासभर गप्प बसतोस. नागासमोर कॅमेरा कशाला?" तो जरा रागावला. म्हणाला, "सर, लोकांची भीती जावी म्हणून." आम्ही म्हटलं, "यातून लोकांना नाग दिसला की तू दिसलास?" त्यावर तो काही बोलला नाही. आवड बघण्यापासून सुरू होते आणि मिरवण्याकडे घसरते, ती अशी. कासची झाडं उपटून घरी नेणाराही आवडीपोटीच नेतो. आपल्याकडचे साप घरात ठेवायला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो, हे एका परीनं बरंच आहे. सापाची आवड असेल तर त्याला सोडून द्यावं लागतं.

तेव्हा त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं: बिघाड त्या माणसांच्या डोक्यात नाही. आपण ज्याला घाबरतो त्याच्याकडे ती अधिक वेळ बघतात, इतकंच. आणि आमच्या अंगणात त्या दिवशी असा एक जण असता, तर ती धामण जगली असती.

गृहस्थ आज आले असतील तर मागच्या हसण्याबद्दल त्यांनी आम्हाला माफ करावं. आता प्रश्न घेऊ.